पिराजीची हाक

पिराजी चौगल्याच्या म्हशी गावात पिराजीपेक्षा जास्त नावाजलेल्या होत्या, आणि त्याला त्याचा अभिमानच होता. पंचगंगेच्या काठचं गाव, इतकं जवळ की सकाळचं दूध ऊन तापायच्या आत कोल्हापुरात पोचायचं. दिवाळीच्या पाडव्याला शिंगं रंगवून, गळ्यात घुंगरमाळा घालून म्हशी मिरवायची इकडं रीत आहे. पण नुसतं मिरवणं कुणालाही जमतं. खरा मालक तो, ज्याची म्हैस त्याच्या मोटारसायकलमागं शेपूट वर करून पळते. त्यासाठी रेडकू असल्यापासून सवय लावावी लागते. पिराजी सायलेन्सरची पुंगळी काढून गाडी फडफडवायचा, "ये गंऽऽ" म्हणून हाक मारायचा, आणि आली की पेंडीचा गोळा तोंडात द्यायचा. इंजिन वाजलं, मालकाची हाक आली, की पळायचं. चंद्री, मोरी आणि लाडी या तिघींना जगात एवढा एकच कायदा ठाऊक होता.

एकोणीसच्या महापुरात पाणी गव्हाणीला लागलं, तेव्हा पिराजीनं जाणत्या माणसानं करावं तेच केलं. दावी सोडली. बांधलेलं जनावर दाव्यालाच मरतं. सुटलेली म्हैस पोहून उंचवटा गाठते. तिघीही शाळेच्या चढावर जाऊन उभ्या राहिल्या. मग बचावाची बोट आली. पिराजी, त्याची बायको बनाबाई आणि मुलगी क्रांती दाटीवाटीनं आत बसली. बोटवाल्यानं दोरी ओढली, इंजिन फडफडलं, आणि चढावरच्या तिन्ही म्हशींनी माना वर केल्या.

त्या पाण्यात उतरल्या. पिराजीनं बोटवाल्याला इंजिन बंद करायला सांगितलं; पण माणसांनी भरलेली बोट पाण्याच्या ओढीत बंद कशी करणार, त्या बिचाऱ्याचंही चुकलं नाही. मग पिराजी उभा राहून म्हशींवर ओरडला, जावा मागं, मागं फिरा. म्हशींना शब्द कुठले कळतात? त्यांना मालकाचा आवाज कळला. त्या आणखी जोरानं पोहू लागल्या. हे ध्यानात आलं तेव्हा पिराजीनं दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबून धरलं, पण तोवर त्या मधल्या धारेत आल्या होत्या. लाडी सगळ्यात धाकटी. ती सगळ्यात शेवटी दिसेनाशी झाली, आणि तेव्हाही तिचं तोंड बोटीकडंच होतं.

पूर ओसरला, गावानं चिखल उपसला. माणसं वाचली हे काय थोडं झालं, म्हणून लोक पिराजीची समजूत काढायचे. खोटं नव्हतं ते. पण माणसानं कशासाठी किती झुरावं हे गावानं परस्पर ठरवून टाकलेलं असतं, आणि या ठरवणाऱ्यांची मोठी चीड येते. गल्लीत कुणी गाडी सुरू केली की पिराजीला दरदरून घाम फुटायचा, आणि तो मागं वळून बघायचा, कुणी येत नाही ना. झोपेत दचकून उठायचा. स्वतःची गाडी त्यानं गोणपाटाखाली झाकून टाकली. आणि सगळ्यात वाईट म्हणजे त्यानं हाक मारणं सोडलं. समोर बसलेल्याशी बोलायचा, तेही दबक्या आवाजात. बनाबाई शेतात असली तर हा बांधाबांधानं चालत जायचा, तिच्या खांद्याला हात लावायचा आणि मग सांगायचा, जेवायला चल. कोल्हापूरकडचा माणूस हळू बोलायला लागला म्हणजे तो आजारी आहे, एवढं तरी लोकांना कळायला हवं होतं.

दोन वर्षांनी पुन्हा पाणी आलं. बोटीचं इंजिन लागताच पिराजी गुडघाभर पाण्यात थिजून उभा राहिला. मायलेकींनी त्याला ओढूनच आत घेतलं. पूरग्रस्तांच्या छावणीत मनाच्या दुखण्यांसाठी अनुजा नावाची एक तरुण समुपदेशक येत असे. नवऱ्याला खूळ लागलंय असं लोक म्हणतील, या भीतीनं बनाबाई इतके दिवस गप्प होती. आता तिनं पदर खोचला आणि त्याला अनुजापुढं नेऊन बसवलं.

अनुजानं आधी सांगितलं की हे खूळ नव्हे. मोठा धक्का बसला की मन त्याच जागी अडकून पडतं, आणि त्याला इलाज आहे. मग छावणी उठल्यावरही दर आठवड्याला ती त्याला तीच हकिगत पहिल्यापासून सांगायला लावायची, दावी सोडल्यापासून लाडी दिसेनाशी होईपर्यंत. एकदा पिराजी भडकला.

"कितींदा सांगू ताई? पिच्चर हाय व्हय ह्यो?"

"मामा, तुम्ही तो रोज एकटेच बघताय," अनुजा म्हणाली. "माझ्याबरोबर बघा."

त्या दिवशी तो ओक्साबोक्शी रडला, आणि त्यानंतर त्याला जरा झोप लागू लागली. मग गाडीच्या आवाजाची पाळी आली. क्रांती आधी गल्लीच्या टोकाला गाडी सुरू करायची, मग अलीकडच्या कोपऱ्यावर, मग अंगणात. पिराजी चौकटीला धरून घाम पुसत उभा राहायचा. मध्येच एका पाडव्याला फटफट ऐकून तो अंथरुणात शिरला आणि सगळं मुसळ केरात गेलं. मागं पडणं हेही यातच येतं, असं अनुजानं समजावलं, आणि गल्लीच्या टोकापासून पुन्हा सुरुवात झाली. हळूहळू गाडी सोसू लागली. हाक मात्र फुटेना. माझ्या हाकंनं मेल्या त्या, एवढंच तो म्हणायचा.

दुसऱ्या पुरानंतर बनाबाईनं कोडोलीहून, भावाच्या गोठ्यातली एक रेडी आणली होती. पिराजी तिला धुवायचा, वैरण घालायचा, गोचिड काढायचा. पण तिच्याशी चकार शब्द बोलायचा नाही. अनुजानं शेवटचं काम तेच दिलं. नदीवर उभं राहून रेडीला हाक मारायची. पिराजी आज नको उद्या करत राहिला, तोवर उन्हाळा आला.

पंचगंगा खाली गेली होती. रेडी उथळ पाण्यातनं पलीकडच्या काठाला जाऊन चरत होती, आणि अलीकडं बनाबाई धुणं धूत होती. पिराजी पायरीवर येऊन उभा राहिला. मध्ये पाणी, पलीकडं जनावर. आपण हाक मारायची आणि त्यानं पाण्यात उतरायचं, हे त्याला आधीच दिसत होतं. तरी त्यानं डोळे मिटले आणि घसा मोकळा केला.

"ये गंऽऽ!"

डोळे उघडले तर रेडीनं मान वर केलेली. तिनं कान हलवले, इकडं बघितलं आणि पुन्हा गवतात तोंड घातलं. त्यानं आणखी जोरात हाक मारली. तिनं त्याच्याकडं पाठ फिरवली आणि निवांत शेणाचा पो टाकला. तिला ती हाक कुणी कधी शिकवलीच नव्हती.

पिराजी मटकन खाली बसला आणि हसू लागला. हसता हसता त्याच्या डोळ्यांतनं धार लागली.

"न्हाय आली गं," तो बनाबाईला म्हणाला. "नुस्ता आवाजच हाय की ह्यो माझा."

बनाबाईला रडावं की हसावं कळेना. मालकच असा बसल्यावर रेडी कोण आणणार, म्हणून ती धुणं तसंच टाकून पलीकडं जायला बंधाऱ्याच्या वाटेनं निघाली. बरीच लांब गेल्यावर पाठीमागनं हाक आली.

"बनेऽऽ!"

महापुरानंतर पहिल्यांदाच. ती जागच्या जागी थांबली, आणि मग काय झालं, काय झालं म्हणत, लुगडं सावरत पळतच मागं आली.

"काय न्हाय," पिराजी म्हणाला. "बघत हुतो, येतीस का."