नानांचं कच्चं पाणी

"भायेर निंघा! पाय काढा पयले! कच्चं शे पानी!"

नाना असे ओरडले की ब्राह्मणपुरीच्या बागांतले केळीचे घड गळून पडले असतील. शहाद्याच्या स्विमिंग पूलमध्ये एक बडे साहेब नुकताच एक पाय बुडवून उभे होते, पोट आणि पदवी दोन्ही सांभाळत. खाली मगर असावी तसा त्यांनी पाय उचलला. मग नानांनीच टॉवेल आणून दिला आणि परवा या म्हणाले, तोवर पाणी शिजेल.

मी तिथला पोहायला शिकवणारा मास्तर, नाना पाण्याचे राखणदार. दर उन्हाळ्याच्या तोंडावर पूल रिकामा करून घासायचा आणि बोअरच्या पाण्याने भरायचा. आमच्या बोअरचं पाणी इतकं क्षाराचं, की म्हैस धुतली तर गाय होऊन निघावी. ते ताळ्यावर आणायला नाना ठरल्या मापाने ॲसिड सोडत, दिवसभर पंप फिरवत, आणि मगच क्लोरीन. दोन्ही एकदम कधीच नाही. "सवती शेतस त्या," ते म्हणायचे. "एकीनं आटोपाले दे, हात धू, मंग दुसरीकडे जाय."

माझ्याकडे थेंबांची पेटी होती. नळीत पाणी घ्यायचं, थेंब टाकायचे. गुलाबी झालं तर ठीक, पिवळं झालं तर ॲसिड जास्त. नाना तिला माझं खेळणं म्हणत. त्यांची तपासणी वेगळी. तिसऱ्या दिवशी ते स्वतः बुडी मारत आणि पाण्याखाली डोळे सताड उघडे ठेवून शंभर मोजत. फुप्फुसं नव्हती ती, ट्रॅक्टरच्या ट्यूबा होत्या. डोळे चुरचुरले की पाणी कच्चं. वर येत तेव्हा नंदुरबारच्या पथारीवरची मिरची फिकी वाटावी असे लाल डोळे. मी कितीदा विनवलं, हे सोडा. उत्तर ठरलेलं: "पोरेसना डोया कोवया शेतस. पयले मन्हा चुरचुरू दे."

अशी वीस वर्षं गेली. डॉक्टरांनी दिलेला चष्मा नानांनी देवासारखा कपाटात बसवला होता.

गेल्या खेपेला बोअर आटली, म्हणून प्रकाशा गावाहून तापीचं पाणी टँकरने आणलं. नदीचं पाणी मऊ, त्याला ॲसिड नावापुरतं लागतं. पण नानांचा हात सवयीचा. त्यांनी बोअरचंच माप ओतलं. मी अडवायचं, तर मी टँकरवाल्यांना सांगत बसलो होतो की पाठीवर रेडा घेऊन मी भरल्या तापीतून कसा पार झालो.

तिसऱ्या दिवशी चाळीस पोरं काठावर एका पायावर उभी. नानांनी बुडी मारली, शंभर मोजले, वर आले.

"गोड शे. सोड पोरेसले."

माझ्या हातातली नळी हळदीसारखी पिवळी होती. मी दुसरी भरली. तीही पिवळी. नाना पाणी निथळत जवळ आले आणि त्यांनी रंग विचारला. वीस वर्षांत पहिल्यांदा. मी नळीच त्यांच्यापुढे धरली. नानांनी नळी घेतली, उन्हात धरली, नाकाशी आणली, लांब नेली. मग परत दिली. पाणी एवढं बिघडलेलं, आणि त्यांच्या डोळ्यांत लालीचा टिपूस नव्हता. वीस वर्षं चुरचुरलेले डोळे आता चुरचुरतच नव्हते. त्यांनी पोरांना घरी पाठवलं आणि ॲसिड मारायला सोड्याचं पोतं स्वतः पाठीवर घेतलं.

दोन दिवसांत पाणी ठीक झालं. तिसऱ्या दिवशी किल्ली खिळ्याला अडकवून नाना प्रकाशाला आपल्या घरी निघून गेले.

चार दिवसांनी मी गेलो. ओट्यावर खाटेवर बसले होते, डोळ्यांवर दवाखान्यातलं हिरवं फडकं. मी तोंड सोडलं. म्हटलं, पूल इतका हिरवा झालाय की म्हशी चरायला उतरतात, बेडकांनी सरपंच निवडलाय, पोरं चड्ड्या घालून दिवसभर रडत बसतात. चला नाना, तुमच्यावाचून पाणी शिजत नाही.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग माझ्या आवाजाकडे तोंड वळवलं.

"पोरे उतरतस का पानीमा?"

नाही म्हणायला तोंड उघडलं होतं. हो म्हणालो. चार दिवस झाले.

"डोया चुरचुरतस का त्यासना?"

"नाही, नाना."

"मंग माले काबरं बलावस?"