चाकं पुसली?

मला घाबरायला फार काही लागत नाही. पाल, बंद पडलेली लिफ्ट, बँकेत काचेपलीकडे बसलेली बाई, कशानेही माझी पाचावर धारण बसते. पण जिच्यामुळे सकाळी पाच वाजता पोटात खरोखरचा गोळा यायचा आणि निघेपर्यंत दोनदा बाथरूम गाठायला लागायचं, ती भीती आयुष्यात एकाच माणसाची वाटली. आमच्या स्केटिंगच्या मॅडमची.

मी तेव्हा तेरा वर्षांची होते. आम्ही मरोळला राहायचो. अंधेरीत एका क्लबच्या मागच्या बाजूला पत्र्याचं छप्पर घातलेलं रिंक होतं, तिथे बाबा मला रोज स्कूटरवरून सोडायचे. मुंबईत बर्फ कुठला, त्यामुळे आमचं फिगर स्केटिंग चार चाकांवरचं, गुळगुळीत सिमेंटवरचं. जमिनीवर निळ्या रंगाने मोठमोठी वर्तुळं काढलेली होती, दोन-दोन एकमेकांना चिकटलेली. एका पायावर उभं राहायचं आणि रेघ न सोडता दोन्ही वर्तुळं पूर्ण करायची, एवढंच. या एवढ्याशा गोष्टीला चार-चार वर्षं लागतात, हे प्रवेश घेताना कुणी सांगत नाही.

मॅडम पंचावन्नच्या पुढच्या असतील. देशाकडून खेळून आलेल्या, मग बरीच वर्षं परदेशात शिकवून परतलेल्या. ऑफिसबाहेरच्या भिंतीवर त्यांचे फोटो होते. पदकं गळ्यात घातलेले, पंचांशी हात मिळवतानाचे, आणि एक हवेत उडी घेतलेला, ज्यात त्यांचा चेहरा इतका शांत होता की जणू बसस्टॉपवर उभ्या आहेत. त्या फोटोंसमोरून जाताना मी खाली बघून चालायचे. भिंतीवरच्या मॅडमनाही मी घाबरत होते.

त्या कधी ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं, ओरडा खायची आम्हाला घरी सवय होती. त्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसायच्या आणि डोळे मिटून घ्यायच्या. आमच्याकडे बघायच्याच नाहीत, चाकांचा आवाज ऐकायच्या. आपण वर्तुळावरून जात असताना मिटल्या डोळ्यांनीच म्हणायच्या, ‘बाहेर गेलीस.’ खाली बघावं तर खरंच, चाक रेघेच्या बोटभर बाहेर. ज्या बाईला डोळे मिटून दिसतं तिच्यापासून काय लपणार, असं मला वाटायचं.

रोज सहा वाजता आम्ही नऊ मुली स्केट्स घालून ओळीत उभ्या राहायचो. मॅडम एकेकीसमोर थांबून विचारायच्या, ‘चाकं पुसली?’ आपण म्हणायचं, ‘हो मॅडम.’ चाकाला चिकटलेला बारीकसा खडासुद्धा जमिनीवर चरा पाडतो, आणि मागून येणारी तोंडावर आपटते, म्हणून हा नियम. एकदा एक मुलगी न पुसताच हो म्हणाली. मॅडमनी तिचा पाय उचलून चाकावरून बोट फिरवलं, बोटावरची धूळ तिला दाखवली आणि हळू आवाजात म्हणाल्या, ‘उद्यापासून येऊ नकोस.’ ती मुलगी माझ्यापेक्षा कितीतरी चांगली होती. तिची आई आठवडाभर ऑफिसबाहेर येऊन बसली, पण काही उपयोग झाला नाही.

त्या दिवसापासून मी घरी एकदा, रिंकवर एकदा, अशी दोनदा चाकं पुसायला लागले. मला क्लासमधून काढून टाकलं तर ते बाबांना सांगायचं कसं, ही माझी खरी चिंता होती. बाबा मरोळच्या एका कारखान्यात लेथ मशीनवर होते. स्केटिंगमधलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं, पण बेअरिंगवर फिरणाऱ्या कुठल्याही वस्तूबद्दल त्यांना आदर होता. माझे जुने स्केट्स ते मांडीवर घेऊन बसायचे, एकेक चाक बोटाने फिरवायचे आणि आईला म्हणायचे, पोरगी नाव काढणार बघ.

त्या वर्षी खंडेनवमीला बाबांनी नेहमीप्रमाणे घरातली हत्यारं पाटावर मांडली. त्यांची मापं घ्यायची पट्टी, पाने, आईची विळी, कात्री, आणि मधोमध माझे स्केट्स. कारखान्यात ते या दिवशी मशीन धुऊन, तेल घालून, झेंडूचा हार घालायचे. तेच त्यांनी स्केट्सना केलं. आठही चाकं खोलली, कारखान्यातून आणलेलं दाट तेल बेअरिंगमध्ये सढळ हाताने सोडलं, चाकं परत बसवली, वर हळद-कुंकू. मी शेजारी बसून बघत होते. चाक फिरवलं की थांबेचना, आणि बाबांचा चेहरा असा खुलला की मलाही झकास वाटलं.

दसऱ्याची सुट्टी मॅडमना मान्य नव्हती. सकाळी मी हळद-कुंकू घासून पुसलं, चाकं नेहमीसारखी दोनदा पुसली. ‘चाकं पुसली?’ ‘हो मॅडम.’ मी अजिबात खोटं बोलले नव्हते. पहिल्या फेऱ्यांमध्ये चाकं अशी पळत होती की आज काहीतरी वेगळं घडणार असं वाटलं. घडलंच.

माझा नंबर आला. पहिलं वर्तुळ बरं गेलं. दुसऱ्यात जिथे पुढून मागे वळायचं असतं तिथे मी नेहमीसारखी अडखळले. खुर्चीतून आवाज आला, ‘वळणावर घाबरतेस तू.’ मी मान खाली घातली आणि तेव्हा मला ते दिसलं. निळ्या रेघेवर, अगदी वळणाच्या जागी, चार-पाच काळपट थेंब. चाकं जोरात फिरली तसं आतलं तेल बाहेर आलं होतं. मी लेस नीट करायच्या निमित्ताने वाकले, बोट लावलं आणि नाकाशी नेलं. बाबांच्या शर्टाला येतो तो वास.

वाट लागली, एवढं एकच वाक्य डोक्यात होतं.

‘बाजूला हो, मी दाखवते,’ मॅडम म्हणाल्या. हे वर्षातून एखाद्या वेळी व्हायचं. सगळ्या मुली हातातलं सोडून कडेला येऊन उभ्या राहिल्या. मॅडमनी पिशवीतून त्यांचे पांढरे स्केट्स काढले, खुर्चीत बसल्या आणि लेस बांधायला लागल्या. प्रत्येक भोकातून ओढून, ताणून, सावकाश. दोन मिनिटं तरी लागली असतील. त्या दोन मिनिटांत मला फक्त ‘मॅडम, थांबा’ म्हणायचं होतं. मी ते मनातल्या मनात कितीदा म्हटलं, देव जाणे. पण लगेच पुढचं दिसायचं. त्या माझा पाय उचलणार, चाकावरून बोट फिरवणार, ते बोट मला दाखवणार. हो मॅडम म्हणालीस ना? आणि मग तो हळू आवाज. कदाचित त्यांचं चाक त्या थेंबांच्या शेजारून जाईल, असं मी स्वतःला सांगितलं. पण मॅडमचं चाक कधी रेघेच्या शेजारून जायचं नाही.

त्या रेघेवरूनच गेल्या. सुंदर गेल्या, हेही सांगायला हवं. वळणावर पाय सटकला तेव्हा फारसा आवाजही झाला नाही. त्या उजव्या हातावर पडल्या आणि तशाच बसून राहिल्या. किंचाळल्या नाहीत. डाव्या हाताचं बोट जमिनीला लावलं, वास घेतला आणि विचारलं, ‘कुणाचं?’

आठ जणींपैकी कुणीही तोंडातून ब्र काढला नाही. मीही नाही. मनगट बघता बघता सुजलं. क्लबच्या मॅनेजरनी त्यांना रिक्षात घालून दवाखान्यात नेलं आणि आम्हाला घरी जायला सांगितलं.

घरी दाराला तोरण होतं, आईने पुऱ्या तळायला घेतल्या होत्या. मी बूट काढायच्या आत बाबांनी विचारलं, ‘काय गो, चाका बरी फिरली मा?’ खुशीत असले की त्यांच्या तोंडात मालवणी यायची. मी म्हटलं, ‘मस्त.’ दुपारी मी श्रीखंडाची वाटी तशीच बाजूला सारली. संध्याकाळी शेजारची मुलं आपट्याची पानं द्यायला आली, सोनं घ्या सोन्यासारखं राहा म्हणाली आणि मला रडूच फुटलं. मग बाबांना सगळं सांगितलं. थेंब दिसल्याचं, मॅडमनी लेस बांधल्याचं, दोन मिनिटांचंही.

बाबांनी स्केट्स उचलले, एक चाक बोटाने फिरवलं आणि फिरत असतानाच हाताने थांबवलं. ‘तेल मी घातलं,’ ते म्हणाले. ‘ते मी सांगेन. बाकीचं तुझं तू सांगायचं.’

मला वाटलं होतं, बाबा सगळंच सांगतील. मोठी माणसं अशा वेळी पुढे होतात ना. त्या एका वाक्याने मी सकाळपेक्षा दुप्पट घाबरले.

दुसऱ्या दिवशी सहा वाजता मॅडम नेहमीच्या खुर्चीत होत्या. उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये. बाबा चपला बाहेर काढून आत गेले, हात जोडले आणि खंडेनवमीचं, तेलाचं सगळं सांगितलं. तेल असं बाहेर येईल हे पोरीला ठाऊक नव्हतं, म्हणाले. मॅडमनी तेल कुठलं ते विचारलं आणि बेअरिंगला पातळ तेलाचे दोन थेंब पुरतात, असं शांतपणे समजावलं. बाबांनी शाळेतल्या मुलासारखी मान हलवली. मला त्यांची दया आली आणि त्याहून जास्त स्वतःची लाज वाटली.

मग मॅडम माझ्याकडे वळल्या. त्यांनी डोळे मिटले नव्हते.

‘मी पडायच्या आधी तुला दिसलं होतं?’

नाही म्हणता आलं असतं. बाबांनी आधीच सांगितलं होतं की मला ठाऊक नव्हतं. त्या एका शब्दाने मी सुटले असते आणि कुणाला कधी कळलंही नसतं.

‘हो मॅडम.’

‘मग बोलली का नाहीस?’

‘तुमची भीती वाटली.’

हे बोलून मी वाट बघत राहिले. तो हळू आवाज आता येईल, उद्यापासून येऊ नकोस. मॅडम प्लास्टरकडे बघत होत्या. पत्र्यावर कावळा चालत होता, त्याच्या नखांचा आवाज ऐकू येत होता. मग त्या म्हणाल्या, ‘चाकं रॉकेलमध्ये धुऊन आण. उद्या सहाला ये.’ एवढंच.

दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या प्रश्नाला एक शेपूट लागलं. ‘चाकं पुसली?’ विचारून झालं की त्या सगळ्यांना मिळून विचारायच्या, ‘कुणाला मला काही सांगायचंय?’ आम्ही आठही जणी जमिनीकडे बघायचो. त्या थोडं थांबायच्या, मग खुर्चीत जाऊन बसायच्या. माझी भीती गेली वगैरे नव्हती. सकाळी पाचचा गोळा पोटात होताच, बाथरूमच्या दोन फेऱ्याही.

अशा चार सकाळी गेल्या. पाचव्या दिवशी मॅडमनी विचारलं आणि मी नेहमीसारखं खाली बघितलं. समोर त्यांचे कॅनव्हासचे बूट होते. डाव्या बुटाची लेस सुटून जमिनीवर लोळत होती, टोक मळून काळं झालेलं. ती आजची सुटलेली नव्हती. चार दिवस ती तशीच होती. एका हाताने त्यांना बांधता येत नव्हती, त्या तशाच त्या गुळगुळीत जमिनीवर चालत होत्या, आणि आम्ही सगळ्यांनी ती चार दिवस रोज पाहिली होती.

‘मॅडम,’ मी म्हटलं. आवाज असा निघाला की शेजारची मुलगी दचकली. ‘तुमची लेस सुटलीय.’

त्यांनी खाली बघितलं. मग पाय थोडा पुढे केला. मी स्केट्सवरच गुडघे टेकून बसले. पहिली गाठ निसटली. दुसरी बसली.

‘उजवी पण बघ,’ मॅडम म्हणाल्या.