सोलापूरचं ठरलं होतं

चहा घ्या, तोवर सांगून टाकतो. बायको आत पेशंट बघतेय. ती बाहेर आली की हाच किस्सा ती सांगते, आणि तिच्या सांगण्यात मी आणखी मूर्ख दिसतो.

तर मंडळी, डॉक्टर व्हायला मेरिट लागतं. गाढवपणाला लागत नाही. माझ्याकडे दोन्ही होतं, आणि दोन्ही एकाच दिवशी एकाच हॉलमध्ये कामाला आलं.

गोष्ट दोन हजार सालानंतरची. आमचं घर शिरूरचं, पण अकरावी-बारावी मी दौंडला मामाकडे राहून केली. वर्गात सुजाता होती, भांडगावची. आमचं जमलं. कसं जमलं ते विचारू नका, तो वेगळा विषय आहे. त्यात मी बरा वागलोय, त्यामुळे त्यात गंमत नाही.

सीईटीला दोघांनाही बरे मार्क पडले. सरकारी मेडिकल नक्की होतं. तिला माझ्यापेक्षा जास्त होते, हे ती आतून ओरडून सांगायच्या आत मीच सांगतो. तेव्हा आतासारखं घरबसल्या कॉम्प्युटरवर कॉलेज भरायचं नसे. मुंबईला बोलावत. मेरिटच्या क्रमानं नाव पुकारत. वडिलांना घेऊन आतल्या खोलीत टेबलापाशी जायचं, उरलेल्या जागांपैकी एक कॉलेज सांगायचं. सांगितलं की संपलं. पुढची पाच वर्षं त्या एका शब्दावर.

आम्ही दोघांनी सोलापूर ठरवलं. लोक कॉलेज निवडताना हॉस्पिटल बघतात, शिकवणारे बघतात. आम्ही आमचे बाप बघितले. तिचे आप्पा दौंडला रेल्वेत. जिथे रूळ जात नाहीत तिथे पोरगी पाठवायची नाही, हे त्यांचं साधं शास्त्र. सोलापूरला दौंडहून थेट गाड्या, वर रेल्वेचा पास. माझे आबा शिरूर डेपोला कंडक्टर. त्यांचा हट्ट औरंगाबादचा, कारण नगर रोडनं सरळ एसटी. त्यांना सोलापूरवर आणता आणता माझा सगळा उन्हाळा गेला.

आणखी एक गोष्ट ठरली होती. हॉलमध्ये एकमेकांना ओळख दाखवायची नाही. तिचं नाव आधी येईल, ती सोलापूर घेईल. मागून मी जाईन, मीही सोलापूर घेईन. पाच वर्षं एका गावात, आणि घरी कुणाला पत्ता नाही. आता यात चुकण्यासारखं काय आहे, तुम्हीच सांगा.

चुकण्यासारखे आबा होते.

कंडक्टर माणसाला शेजारच्या सीटवर अनोळखी प्रवासी सोसत नाही. हॉलभर खुर्च्या रिकाम्या, आणि आबा बसले कुठे? आप्पांच्या शेजारी. मी म्हणालो, तिकडे पंख्याखाली बसू. ते म्हणाले, हितंबी वारं येतंय. बसल्या बसल्या त्यांनी गाव विचारलं, आडनाव विचारलं, जय भीम घातला. थोड्या वेळानं आप्पांची चुलतबहीण मांडवगण फराट्याला आमच्याच भावकीत दिलेली निघाली. मग काय, दोघं एकमेकांना पाव्हणं म्हणायला लागले. डबे उघडले. माझ्या आईची शेंगदाण्याची चटणी आप्पांच्या भाकरीवर गेली. पलीकडे सुजाता छताकडे बघत बसली होती, जणू छताचीच परीक्षा आहे.

दोघा म्हाताऱ्यांचं खालच्या आवाजात काहीतरी चाललं होतं. मी मुद्दाम लक्ष दिलं नाही. मग आप्पांनी मला विचारलं, बारावी कुठं केली? मी म्हणालो, दौंडला. त्यांचा घास हातातच राहिला.

"आमची बी तिथंच की. मग वळखत आसशील हिला?"

इथे जरा थांबा. 'हो' म्हणायला एक अक्षर लागतं. जगातल्या कुठल्याही वर्गमित्रानं ते म्हटलं असतं आणि चटणी पुढे सरकवली असती. मी म्हणालो, "नाही."

"एका वर्गात दोन वर्सं, आन् वळखत न्हाई?"

आबांनी माझ्याकडे विनातिकीट माणसाकडे बघतात तसं बघितलं. मला घाम फुटला. मी म्हणालो, म्हणजे ओळखतो, पण बोलत नाही. का बोलत नाही? भांडण झालंय. कशावरून?

वहीवरून म्हणावं, बाकावरून म्हणावं. माझ्या तोंडून निघालं, बेडकावरून.

आता एकदा निघाल्यावर तो बेडूक परत आत कसा घालणार? मी सांगत सुटलो. प्रॅक्टिकलला माझ्या वाट्याला चांगला मोठा बेडूक आला होता. मी हात धुवायला गेलो तेवढ्यात हिनं तो उचलला आणि स्वतःचा मरतुकडा माझ्या ट्रेमध्ये ठेवला. म्हणून हिला मार्क जास्त.

सुजातानं ठरल्याप्रमाणे गप्प बसायचं होतं. पण चोरीचा आळ काही ठरलेला नव्हता. ती छतावरून खाली आली.

"आप्पा, ह्याला बेडूक कापताच येत नव्हता," ती म्हणाली. "हात थरथरायचे. सरांनी बाहेर काढलं होतं."

हे दुर्दैवानं खरं होतं, आणि ते आबांना पहिल्यांदाच कळत होतं. मग मीही बोललो, तीही बोलली. आधी नाटक होतं, नंतर नाटक राहिलं नाही. आबांनी आयुष्यभर सुट्ट्या पैशांवरून झालेली भांडणं धावत्या गाडीत मिटवलेली. त्यांनी मला तिच्यापुढे चटणीचा डबा धरायला लावला. ती म्हणाली, नको. मागच्या रांगेतल्या बाईंनी तेवढ्यात शंका काढली, की बेडूक तर कॉलेजचाच असतो ना? त्यावरून त्यांचा आणि त्यांच्या यजमानांचा वेगळा वाद सुरू झाला.

आप्पा गंभीर झाले. कुठलं कॉलेज घेणार म्हणून त्यांनी मला विचारलं. आता तरी अक्कल यावी? मी सरळ सोलापूर सांगितलं. ते लेकीकडे वळले.

"मग आपुन मिरज घिऊ. मोठं जंक्शन हाय. पाच वर्सं ह्याच्यासंगं भांडत बसलीस, तर अभ्यास कवा करशील?"

ती काही बोलणार, तोच तिचं नाव पुकारलं. उठताना तिनं माझ्याकडे एकदा रोखून बघितलं. त्या बघण्याचा अर्थ मी माझ्या बुद्धीप्रमाणे लावला. म्हणजे मिरज. आत गेलेला माणूस पलीकडच्या दारानं बाहेर पडे, त्यामुळे विचारायची सोय नव्हती. बापाच्या शब्दापुढे बिचारीचं काय चालणार, असं मी मनात म्हणालो. तिच्यासाठी सोलापूर सोडायचं म्हणून मला स्वतःचा थोडा अभिमानही वाटला.

माझं नाव आलं. टेबलामागच्या साहेबांनी उरलेल्या जागा सांगितल्या. सोलापूर होतं, मिरज होतं. मी छाती काढून मिरज म्हणालो. आबा दचकले. सगळा उन्हाळा सोलापूर सोलापूर करून डोकं खाल्लं त्याचं काय, म्हणून त्यांनी साहेबांसमोरच विचारलं. मी म्हणालो, विचार बदलला. साहेबांनी विचारलं, नक्की? मी म्हणालो, नक्की.

बाहेर व्हरांड्यात पाण्याच्या टाकीपाशी आप्पा उभे होते. आबांनी लांबूनच सांगितलं, पोरानं मिरज घेतलं. मला वाटलं, आता आप्पांचा चेहरा पडणार. तो उजळला.

"लई ब्येस झालं, पाव्हणं," आप्पा म्हणाले. "आमची आत गेल्याव ऐकंचना. म्हणली, त्याच्यापायी मी का म्हून सोलापूर सोडू? तेच घेतलं तिनं."

सुजाता नळाखाली ग्लास धरून उभी होती. ग्लास भरून हातावरून वाहत होता.

परत येताना गाडीत मी खिडकीकडे तोंड करून रडलो. फार वाईट वाटलं होतं, खोटं कशाला बोलू? आबांना वाटलं, पोरगं घर सोडायचं म्हणून रडतंय. त्यांनी मला केळी घेऊन दिली. पुढे दौंडला सुजाता भेटली तेव्हा फक्त एवढंच म्हणाली, "आपलं काय ठरलं होतं?" ती शब्दाला जागली होती आणि मी डोकं चालवलं होतं. पुढच्या फेरीत कॉलेज बदलून मिळतं असं लोक सांगत होते. पण घरी कारण काय देणार? बेडूक परत मिळाला म्हणून?

मग पाच वर्षं मिरज ते सोलापूर, सोलापूर ते मिरज. सुट्टी आली की मी एसटीत. वडील कंडक्टर असल्याचा मला फार आधार वाटायचा, त्यांचं नाव सांगितलं की जागा मिळायची. पण राज्यातले सगळे कंडक्टर एकमेकांशी बोलतात, हे ध्यानात यायला हवं होतं. शेवटच्या वर्षी कुणीतरी आबांच्या कानावर घातलं, की तुमचे डॉक्टरसाहेब सोलापूरच्या गाडीला कायम असतात. आबांनी समोर बसवून विचारलं. मी सगळं सांगितलं. त्यांनी टोपी घातली, मला घेतलं आणि भांडगाव गाठलं.

आप्पा अंगणात बाजेवर बसले होते. सुजाता दारात. मी एका दमात सांगितलं, की आम्हाला लग्न करायचंय, बारावीपासून ठरलंय. आप्पांनी ऐकून घेतलं. मग त्यांनी बाजेची सुटलेली दोरी ओढून बसवली. नाही म्हणाले असते तर काय केलं असतं, याचा मी आजही विचार करत नाही.

"म्हंजी बेडूक न्हवताच?" त्यांनी विचारलं.

नव्हता, म्हणालो.

"आन् तवा मी इचारलं, हिला वळखतो का. ते कशापायी इचारलं आसंल?"

मी आबांकडे बघितलं. आबा जमिनीकडे बघत होते.

"तुझ्या बापाचं आन् माझं डबं उघडल्यावरच बोलनं झालं हुतं," आप्पा म्हणाले. "पोरं वळखीची निघाली, तर दोघास्नी एकाच गावाला घालू. पोरीला सोबत हुईल. फुडचं फुडं बघू, आसंबी म्हणलो हुतो. तू नुसतं व्हय म्हणायचं हुतं."

लग्न झालं, हे तुम्ही बघताच आहात. दवाखाना दोघांचा. मी एक धडा मात्र घेतला. तेव्हापासून कुणी काही विचारलं की मी आधी हो म्हणतो. परवा भांडगावकडचे एक नवे पेशंट आले होते. त्यांनी विचारलं, आतल्या म्याडमना वळखता का? त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत मी हो म्हणालो.

पडद्यामागून बायकोचा आवाज आला, "हो म्हणायला जमलं, पण मिरजला जाऊन आल्यावर."