पलंगाखालची गाठोडी

माझे साडू एका नाट्यगृहाचा कपडेपट सांभाळतात. शिपायांचे डगले, राजाचे मखमली अंगरखे, भुताचे दोन झगे धरून चारशेच्या वर कपडे त्यांच्या ताब्यात. सगळे त्यांना मास्तर म्हणतात.

तीन वर्षांपूर्वी त्यांचे सांधे धरू लागले. मग डोकं जड, डोळ्यांची आग, संध्याकाळी बारीक ताप. सुई ओवायला बोटं वळेनात. रक्त तपासलं की अंगात कुठेतरी दाह आहे एवढं कळे, कारण सापडेना. डॉक्टर बदलले, गोळ्या बदलल्या. शेवटी नाट्यगृहाच्या मालकांनी सांगून टाकलं, "नव्या नाटकापर्यंत बरे झालात तर ठीक. नाहीतर दुसरा माणूस बघावा लागेल."

तीस वर्षांचं काम हातचं जायची वेळ आली. माझी शंका कपडेपटाच्या खोलीवर होती. ती तळघरात, खिडकी एकच.

"खोलीला नावं ठेवू नका," साडू म्हणाले. "दोन महिने रजा घेऊन घरी बसलो होतो. फरक पडला? उलट वाढलंच."

तरी मला चैन पडेना. मी कागद आखला: तारीख, मुक्काम, त्रास. मेहुणीला शेजारी बसवलं. सिलिंडर कधी संपलं त्यावरून तिला तारखा आठवत.

"भाऊजी, दुखण्याचंही वेळापत्रक करणारे तुम्हीच!"

कागद भरला. त्रासाच्या रकान्यात एकच पट्टा जवळजवळ कोरा राहिला. त्याच रजेत साडू आपल्या मुलीकडे राहिले होते, ते एकोणीस दिवस. सुरुवातीचे चार सोडले तर ताप नाही, कण्हणं नाही.

"तिथे वेगळं काय होतं?"

"जावई सकाळी फिरायला न्यायचे," साडू म्हणाले.

"फिरायला कसलं! हात रिकामे म्हणून घरभर येरझाऱ्या घालत होते," मेहुणी म्हणाली. "मी गाठोडी नेऊ दिली नव्हती ना."

"कसली गाठोडी?"

तिने पलंगाखालून तीन गाठोडी ओढली. रजेत दुरुस्तीला आणलेले अंगरखे. मास्तर बिनकामाचे थोडेच बसणार! मी वरचा अंगरखा उलटा केला. अस्तराच्या शिवणीत काळे-हिरवे ठिपके पसरले होते.

साडूंनी वाकून ठिपके पाहिले. "म्हणजे रजा मी घेतली आणि खोलीला सोबत घेऊन आलो."

"आणि रोज तिच्यावर झोपलात," मेहुणी म्हणाली.

तळघरातली कपाटं हलवली तेव्हा मागची भिंत बुरशीने माणसाच्या उंचीपर्यंत काळी झालेली दिसली. भिंतीतला पाण्याचा नळ किती वर्षं झिरपत होता, कोण जाणे. डॉक्टर म्हणाले, "बुरशीनेच झालं असं छातीठोक सांगता येणार नाही. पण काहींना ती सोसत नाही. लांब राहा, मग बघू."

पाच महिने झाले. ताप गेला. सांधे सकाळी अजून कुरकुरतात. मालकांनी त्यांना माडीवर, उन्हाच्या खोलीत, नव्या नाटकाचे कपडे शिवायला बसवलं आहे. तळघरासाठी नवा माणूस ठेवायचं ठरलं आणि मालक किल्ली मागायला आले.

साडूंनी किल्ली दिली नाही.

"माणूस खुशाल ठेवा," ते म्हणाले. "पण भिंत खरवडून वाळेपर्यंत तो इथेच, माझ्यासमोर बसेल."