भाजीच्या खालची ओळ

आमच्या आश्रमशाळेच्या जेवणघरात एक फळा आहे. पटावर किती, हजर किती, भाजी कोणती, या तीन ओळी रोज सकाळी त्यावर लिहायच्या, हे अधीक्षिका म्हणून माझं काम. कतारच्या फुटबॉल वर्ल्डकपच्या वर्षी मी चौथी ओळ सुरू केली: मोरोक्कोच्या सामन्याचा निकाल.

त्याला कारण आमच्या मुलींच्या संघाची गोलकीपर. नववीतली पोरगी, पोंभुर्ण्यापलीकडच्या जंगलातल्या गावची. वर्तमानपत्रात सगळ्या संघांची यादी आली तेव्हा तिने विचारलं, "बाई, यातल्या कोनाले कोनीच जितनार म्हनून नाई राह्यले?" तसे बरेच होते. मी आफ्रिकेतल्या एका देशावर बोट ठेवलं.

तिला असाच संघ का हवा होता, ते मला माहीत होतं. महिन्याभरापूर्वी तालुक्याच्या सामन्यांत आम्ही तालुक्याच्या शाळेकडून सात-शून्यने हरलो होतो. सामने नेमके धानकापणीत ठेवलेले. अकरापैकी चार मुली कापणीला घरी गेल्या आणि सात जणी मैदानात उतरल्या, त्याही अनवाणी. मी ही कारणं क्रमाने लिहून मुख्याध्यापकांना दिली. त्यांनी कागद घडी करून खिशात ठेवला. जानेवारीत चंद्रपूरला स्पर्धा होती आणि अर्जावर त्यांची सही लागत होती.

"मॅडम, एकदा शोभा झाली तेवढी पुरे," ते म्हणाले. "पोरींना लेझीम शिकवा."

मी अर्ज परत नेला नाही. त्यांच्याच टेबलावर, काचेखाली ठेवला.

मोबाईलला रेंज फक्त पाण्याच्या टाकीजवळ येते. सकाळी सहाला मी तिथे जायचे, निकाल बघायचे आणि येऊन फळा लिहायचे. पहिला निकाल शून्य-शून्य, क्रोएशियाशी. मग बेल्जियमला दोन-शून्यने हरवलं, कॅनडाला दोन-एकने. मुली ताटं घेऊन आधी चौथी ओळ वाचायच्या, मग भाजी. स्पेनच्या सामन्यानंतर तर ओळ दोनदा लिहावी लागली: आधी शून्य-शून्य, मग पेनल्टीत तीन-शून्य.

"तिन्ही अडवल्या त्यानं?" गोलकीपरने विचारलं.

"दोन अडवल्या. एक खांबाला लागली."

"खांब त्याचाच व्हता ना बाई? मंग तीनच लिवा."

पोर्तुगालही हरलं तेव्हा मुख्याध्यापक फळ्यासमोर थांबले. सगळ्या पोरी ऐकत होत्या. ते हसून म्हणाले, "चालू द्या. ज्या दिवशी हा तुमचा मोरोक्को हरेल, त्या दिवशी फळाही पुसायचा आणि तो अर्जही परत न्यायचा. कबूल?"

मी कबूल केलं नाही. पण पोरींना ते अगदी खरं वाटलं. त्या दिवसापासून त्या मोरोक्कोसाठी नाही, चंद्रपूरसाठी जीव मुठीत धरून बसल्या.

फ्रान्सच्या सामन्यानंतरच्या सकाळी मी टाकीजवळ उभी होते. दोन-शून्य. हरले. आज रेंज नव्हती, असं सांगता आलं असतं, कोणी तपासायला आलं नसतं. टाकीपासून जेवणघरापर्यंत येताना मी तोच विचार करत होते, हे कबूल करते. पण त्या फळ्यावर मी कधी हजेरी वाढवून लिहिली नाही, की पातळ वरणाला भाजी म्हटलं नाही. खडू घेतला आणि रोजच्याच अक्षरात लिहिलं: फ्रान्स २, मोरोक्को ०.

मग थांबले नाही. त्याच्या खाली, इतके दिवस न लिहिलेली ओळ लिहिली: तालुका ७, आपण ०. सात जणी खेळल्या.

मुख्याध्यापक आले, वाचलं आणि म्हणाले, "संपलं तर मग."

"नाई संपलं, सर." गोलकीपर ताट घेऊन तशीच उभी होती. "हरले त्याइची अजून एक मॅच हाये. शनिवारी. तीन नंबरसाठी. त्याइले कोनी घरी बसा म्हनून नाई राह्यलं. आमालेच काऊन?"

मी ऑफिसात गेले, काचेखालचा अर्ज काढला आणि परत येऊन पेनासकट त्यांच्यापुढे धरला. "जानेवारीत कापणी नसते, सर. अकराच्या अकरा येतील. नावं लिहिली आहेत."

"आणि हरून आल्या तर?"

"तर फळ्यावर लिहीन."

ते बराच वेळ नावांवर बोट फिरवत राहिले. सही केली, पण माझ्याकडे बघितलं नाही.

शनिवारीही मोरोक्को हरलं, दोन-एकने. तेही लिहिलं.

जानेवारीत आम्ही अकरा जणींसह चंद्रपूरला गेलो आणि पहिल्याच सामन्यात चंद्रपूरच्याच संघाकडून हरलो. दुसऱ्या दिवशी सकाळी फळा लिहिला. पट, हजर, भाजी वांग्याची. खाली: चंद्रपूर २, आपण १. सगळ्यांत आधी गोलकीपर आली. कोपराला हळद लावलेली. तिने ओळ दोनदा वाचली.

"बाई, म्या पाच अडवले. ते काऊन नाई लिवले?"

फळ्यावर जागा उरली नव्हती. मी भाजीची ओळ पुसली.