दिगंबरचं काळं उलथनं

दिगंबर गेल्याचा फोन त्याच्या पुतण्याने, अजितने केला. जाऊन दोन तासही झाले नव्हते, आणि त्याच फोनमध्ये त्याने विचारलं, "सर, काकांना आवडायचं काय? दहाव्याला पानावर ठेवावं लागेल." माणूस गेला हेच अजून माझ्या डोक्यात शिरत होतं... मी बोलून गेलो, "कस्टर्ड." पाच आठवडे झाले, तो शब्द अजून टोचतोय.

दिगंबर मूळचा मोडनिंबचा. वीस-बावीस वर्षं जहाजावरच्या स्वयंपाकघरात काढली, तिथे एका फ्रेंच आचाऱ्याकडून क्रेम ब्रुले हा गोड पदार्थ शिकला आणि परत येऊन सोलापुरात दोन खोल्यांत एकटा राहिला. दर रविवारी सकाळी मी त्याच्याकडे जायचो. म्हशीच्या दुधाची साय, अंड्यातला पिवळा बलक, साखर; सगळं गाळून वाट्यांत. वाट्या पाण्याच्या पातेल्यात, आच मंद, आणि वाफेचा थेंब पडू नये म्हणून झाकणाला फडकं बांधलेलं. वाटी हलवली की मधोमध जरा थरथरलं पाहिजे, बस्स. मग ते गार करायचं, वर साखर पसरायची आणि गॅसवर लाल केलेलं लोखंडी उलथनं तिच्यावर टेकवायचं. साखर चर्र करून काचेसारखी कडक व्हायची. चमचा मारून तो ऐकत बसायचा. "टक न्हाय वाजलं तर खाऊ नगा, मास्तर."

पुतण्याच्या घरचे त्या पदार्थाला 'काकांचं जळकं कस्टर्ड' म्हणत आणि नाक मुरडत. अजितच्या लग्नात केटरर्सनी पावडरचं पिवळंजर्द कस्टर्ड ठेवलं होतं, त्यात केळ्याचे तुकडे. सुनबाईने आग्रहाने वाटी पुढे केली, तर दिगंबर म्हणाला, "ह्यो रंग हाय, पोरी. भिताडाला लावायचा." सगळा मांडव रुसला. मला मात्र त्या मांडवात तो एकटाच शहाणा वाटला. अर्थात मीही काही फार निराळा नव्हतो. "एकदा करून बगा की, मास्तर. मी मेल्यावर कोन करनार हे?" असं तो कितीदा म्हणाला. "मी काय आचारी आहे?" असं मी शेवटी एकदा फटकारलं. तो हसला नाही. उलथनं पुसत राहिला.

दहाव्याला घाटावर गेलो. पिंडाशेजारी द्रोणात ते ठेवलं होतं... पावडरचं, पिवळंजर्द, वर केळं. दहाव्याला अंडं चालत नाही हे मलाही कळतं. मग काही ठेवू नये. आयुष्यभर ज्याने त्या पावडरीवर थुंकायचं तेवढं बाकी ठेवलं, त्याच्या पानात तीच? कावळे झाडावर बसून होते, एकही खाली येईना. मग नातेवाइकांची आश्वासनं सुरू झाली. एकाने बांधाचा वाद मिटवतो म्हणून सांगितलं, दुसऱ्याने खोल्या विकत नाही असं कबूल केलं. दोघंही खोटं बोलत होते, आणि जिवंतपणी त्याच्या घरी चहालाही आले नव्हते. अजित माझ्याकडे वळला. "सर, तुमी काय तरी बोला की. तुमी दोस्त होता." मला कारण ठाऊक होतं, शब्दही ठाऊक होता. करीन, एवढाच. पण कावळ्यावर माझा विश्वास नाही, असं मी मोठ्या रुबाबात म्हणालो. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून वेळ निभावली.

तेराव्याला तेच कस्टर्ड पुन्हा आलं. लोकांनी दोन-दोन वाट्या घेतल्या आणि "काकांना लई आवडायचं" म्हणत बोटं चाटली. मला सगळ्यांची किळस आली, आणि सांगणारा मीच होतो, म्हणून माझीही. निघताना सुनबाईने उलथनं दाखवलं. "सर, हे काळं झालेलं भंगारात टाकू का?" मी ते हातातून ओढूनच घेतलं.

घरी करून बघितलं. तीनदा आच जास्त झाली, बलक फाटून दह्यासारखे गोळे झाले. चौथ्यांदा झाकणाला फडकं बांधायचं विसरलो. काल सकाळी मात्र वाटी हलवली आणि मधोमध थरथरलं. उलथनं तापवलं, टेकवलं, बोट भाजून घेतलं. दोन वाट्या झाल्या. एक स्वतःपुढे ठेवली. दुसरी गॅलरीच्या कठड्यावर ठेवून आत आलो आणि दाराकडे पाठ करून बसलो. चमचा हातातच होता, अजून उचललाही नव्हता...

मागे टक वाजलं.