पाईपशिवाय धावलेली अँबॅसडर

या सदरातले अनुभव मी नेहमी वाचते, पण चहाबरोबर खारी खावी तसे. विश्वास वगैरे कधीच नव्हता. आमच्या घरात तो चाललाही नसता... आमचे अप्पा कारखान्यात फोरमन, आणि त्यांचं ठरलेलं वाक्य — "कारण सापडलं नाही म्हणजे नीट शोधलं नाही." मी स्वतः मेकॅनिकल इंजिनीअर. तरीही आज लिहायला बसलेय, कारण हे दुसऱ्या कुणाचं ऐकलेलं नाही. माझ्या डोळ्यांदेखत घडलंय, आणि इतक्या वर्षांनी सांगतानाही माझा आवाज चढतो!

नव्वदच्या दशकातली मधली वर्षं. आम्ही मूळचे निपाणीकडचे, पण माझा जन्म, शिक्षण सगळं बेंगलोरचं. अप्पांनी हेब्बाळला घर बांधलं होतं. आजचं हेब्बाळ डोळ्यांसमोर आणू नका हं. तेव्हा आमच्या पुढे रिकामे प्लॉट, पलीकडे तळं, आणि घरामागे मुनियप्पा-लक्ष्मक्का या नवरा-बायकोचा कोथिंबीर-पालकाचा मळा. तिकडे यायचं म्हटलं की ऑटोवाले मान फिरवायचे.

आमची सेकंडहँड अँबॅसडर तेव्हा त्रास देत होती. आत बसलं की पेट्रोलचा वास, आणि चढावर आचके. अप्पा चटई टाकून गाडीखाली सरकले आणि तिथूनच ओरडले, "अगं, पेट्रोलची लाईन पार गंजलीय! बोट लावलं तर पापुद्रे निघतायत!"

मी तेव्हा कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला. मला तर पर्वणीच! आम्ही दोघं जेसी रोडला जाऊन तांब्याची नवी पाईप आणि नवा फिल्टर घेऊन आलो आणि रविवारी सकाळी कामाला लागलो. आधी टाकीतलं सगळं पेट्रोल एका कॅनमध्ये काढलं, कॅन जिन्याखाली सावलीत ठेवला. जुनी लाईन सोडवताना तिचे अक्षरशः तुकडे झाले. मग नवी पाईप गाडीच्या पोटाखालून नेऊन क्लिपांनी बसवली. आता राहिलं होतं एवढंच... पाईपचं मागचं टोक टाकीला जोडायचं, पुढचं टोक फिल्टर लावून इंजिनाला. तोवर आत धूळ जाऊ नये म्हणून मी आईच्या जुन्या पिवळ्या साडीची चिंधी फाडून दोन्ही टोकांना बोळे कोंबले. माझ्या हातांनी. हे मुद्दाम सांगतेय.

"चहा घेऊन येतो, मग फिल्टर," असं म्हणून अप्पा आत गेले. मी पाने पुसत बसले.

तेवढ्यात मळ्यातून किंकाळी आली.

मी कुंपणाची भिंत चढून पलीकडे उडी मारली. लक्ष्मक्का पालकाच्या वाफ्यात बसली होती, दोन्ही हातांनी घोटा धरून. "हावु... हावु..." एवढंच म्हणत होती. साप! मुनियप्पा तिच्या पोटरीला टॉवेल बांधत होता.

"सारना करी, अक्का! कार! कार!" तो माझ्याकडे बघून ओरडला. साहेबांना बोलव म्हणत होता.

"अप्पा, गाडी काढा!" मी जिवाच्या आकांताने ओरडले... आणि पुढच्याच क्षणी आठवलं. कुठली गाडी? टाकी रिकामी, पाईप लोंबतेय! आसपास दुसरं वाहन नाही. लक्ष्मक्काच्या पापण्या जड व्हायला लागल्या होत्या.

आणि भिंतीपलीकडून इंजिनाचा आवाज आला!

आमचंच इंजिन, मी हजारात ओळखेन. मला वाटलं, अप्पांनी घाईघाईनं काहीतरी जोडून टाकलं. एवढ्या वेळात ते शक्य आहे का, हा विचार करायला डोकं होतंच कुठे? मी आणि मुनियप्पानं लक्ष्मक्काला उचललं आणि मागच्या वाटेनं फाटकाशी आणलं. गाडी सुरू, अप्पा स्टिअरिंगवर, मागचं दार उघडं.

"बसा, बसा!"

तो प्रवास मी कधीच विसरणार नाही. लक्ष्मक्काचं डोकं माझ्या मांडीवर, मुनियप्पा पुढच्या सीटवरून वळून सारखा म्हणत होता, "एद्दिरे, मलग बेडा" — जागी राहा, झोपू नको. आणि गाडी? वाऱ्यासारखी! एक आचका नाही. मेखरी सर्कलच्या आधीचा चढ, जिथे ती दर वेळी धापा टाकायची, तो तिनं टॉप गिअरमध्ये घेतला. पेट्रोलचा वाससुद्धा नव्हता. मला आठवतंय, त्या गडबडीतही मनात आलं, वा, नवी पाईप झकास बसलीय!

शहरातल्या मोठ्या सरकारी इस्पितळात पोचलो, स्ट्रेचर आलं, इंजेक्शन, सलाइन... दुपार उलटल्यावर डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले, धोका टळलाय. मुनियप्पानं डॉक्टरांना हात जोडले. अप्पांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि मला म्हणाले, "चल, याच्यासाठी घरून डबा घेऊन येऊ."

गाडीत बसलो. अप्पांनी किल्ली फिरवली. घर्रर्र... घर्रर्र... काही नाही.

"संपलं वाटतं," अप्पा म्हणाले. "पेट्रोल कितीसं ओतलं होतंस?"

"मी? तुम्ही ओतलंत ना?"

"मी कुठे? मी तर चहा पीत होतो. फिल्टर तू बसवलास ना?"

मग अप्पा उतरले आणि त्यांनी बॉनेट उघडलं.

फिल्टर नव्हताच. पाईप इंजिनाशेजारी मोकळी होती, आणि तिच्या तोंडात पिवळा बोळा. मी कोंबलेला!

अप्पा तिथेच जमिनीवर झोपून मागच्या बाजूनं गाडीखाली सरकले. बाहेर आले तेव्हा हातात दुसरा बोळा होता. त्यांनी तो नाकाशी धरला. मग माझ्या नाकाशी.

"कोरडा आहे," ते म्हणाले. "बरं, ते राहू दे. तू ती स्टार्ट कशी केलीस?"

"अप्पा... मी मळ्यात होते. तुम्ही स्टार्ट केलीत."

"मी बाहेर आलो तेव्हा ती चालूच होती!"

ऑटो करून घरी आलो. जिन्याखाली कॅन तसाच, भरलेला. चटईवर फिल्टर, खोकंसुद्धा न उघडलेलं. आईला विचारलं तर ती सहज म्हणाली, "हे कप हातात घेऊन बसले होते, तेव्हाच तर गाडीचा आवाज आला. मला वाटलं पोरीनं केलं काम पूर्ण!"

त्या रात्री अप्पा जेवले नाहीत, पण दुःखानं नाही हो... लहान मुलासारखे येरझाऱ्या घालत होते! "कार्ब्युरेटरच्या वाटीत थोडं पेट्रोल उरतं," ते म्हणाले, "त्यावर चालली असेल." मग दुसऱ्या दिवशी गाडी ओढून घरी आणली आणि आम्ही प्रयोग केला. सगळं रीतसर जोडलं, गाडी नीट चालवून बघितली, पुन्हा लाईन सोडवली आणि उरलेल्या थेंबांवर गाडी पळवली. कोपऱ्यावर बंद. परत केलं. एकदा मेन रोडपर्यंत गेली, तिथे बंद. दर वेळी तिला ढकलत आणताना अप्पांचे डोळे चमकत असायचे.

माझ्या प्रोफेसरांना सांगितलं तर ते म्हणाले, तुम्ही जोडली असेल, घाबरून विसरला असाल. ठीक आहे. पण मग इस्पितळाच्या आवारात ती सोडवून, टाकी कोरडी करून, आमच्याच साडीचे बोळे परत कोंबले कुणी? लक्ष्मक्का बरी होऊन आली, तिनं सगळं ऐकलं, पदर तोंडाला लावून हसली आणि पालकाच्या जुड्या पाटीत रचायला लागली. तिला त्यात विचित्र असं काही वाटलंच नाही.

पुढे मी कितीतरी इंजिनं बघितली, माझा पोटापाण्याचा धंदाच तो. उत्तर नाही. ती गाडी केव्हाच गेली, अप्पा आता थकलेत. मी सर्जापूर रोडच्या माझ्या घरून त्यांना भेटायला गेले की चहा होतो, इकडचं तिकडचं होतं, आणि मग ते हळूच पुढे झुकतात. "खरं सांग, तूच स्टार्ट केली होतीस ना?"

"नाही, अप्पा."

मागच्या खेपेला वाटलं, या वयात कशाला त्यांच्या जिवाला घोर. म्हटलं, "समजा, मी 'हो' म्हटलं तर?"

अप्पा ताठ बसले. "खबरदार!" म्हणाले.